दोन दारांची खिडकी

लिफ्टमध्ये तिच्यामागून शिरलेल्या बाईने पाचव्या मजल्याचं बटण बोटाने दाबलं नाही, किल्लीच्या टोकाने दाबलं. झालं ते एवढंच. पण लिफ्ट वर चाललीय की खाली हेच ताईला क्षणभर कळेना. लॅबमधले सगळे तिला ताई म्हणत. पंचेचाळिशी उलटलेली, बारा वर्षं एकाच टेबलाशी बसलेली, कुणावर कधी आवाज न चढवणारी बाई, तिला दुसरं म्हणणार तरी काय. किल्ली पर्समध्ये टाकता टाकता त्या बाईने तिचं बघणं पकडलं आणि हसून म्हणाली, "सवय झालीय हो. मी बोट लावलं की नंतरचा माणूस आधी बटणाकडे बघतो, मग माझ्याकडे." तिची बाही जराशी वर सरकली होती. मनगटापासून वर लालसर चट्टे, त्यांच्यावर पांढुरका पापुद्रा, नखं पिवळट आणि खडबडीत. सोरायसिस. ताईला ते कुणी सांगायला नको होतं. असल्या चट्ट्यांच्या शेजारच्या बिछान्यात ती झोपलेली होती. तिचा धाकटा भाऊ नळ कोपराने उघडायचा, दार खांद्याने ढकलायचा, आणि आई म्हणायची की याला दोन हात देवाने उगाच दिले. मग ताईची नजर त्या बाईच्या काखेतल्या फायलीवर गेली. फायलीवर जाड काळ्या शाईत आकडा होता. एकतीस.

हा आकडा ताईला झोपेतून उठवून विचारला असता तरी आठवला असता. चेहरा मात्र तिने आज पहिल्यांदा पाहिला, आणि चेहरा असेल हे जणू तिने धरलंच नव्हतं. तो गोल होता, हनुवटीवर तीळ होता, केस घट्ट बांधलेले होते आणि खांद्यावर पडलेला कोंडा तिने लिफ्टच्या आरशात बघून दोनदा झटकला. पाचवा मजला आला. ताईला उजवीकडे वळायचं होतं, पण पाय त्या बाईच्या मागोमाग बाकापर्यंत गेले. "वही परत करायला आलेय," बाई म्हणाली. नव्या औषधाच्या चाचणीतल्या प्रत्येकाला एक वही दिलेली होती. रोज किती खाज सुटली ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायचं. "माझी शेवटची पानं सगळी नऊ-नऊ. डॉक्टरांना वाटायचं मी कंटाळून तोच आकडा उतरवतेय. तुम्ही इथल्याच ना?" ताई म्हणाली, "हो, आत असते. पेशी वाढवायच्या कामावर." "म्हणजे माझ्या सुया तुम्ही भरल्यात होय," बाई म्हणाली, आणि ते अगदी कौतुकाने म्हणाली. "परवा पत्र आलं. मला खरंच औषध मिळालं होतं म्हणे, तिन्ही वेळा. माझ्याच अंगाला ते मानवलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? ज्यांना नुसतं पाणी टोचलं, त्यांना आता खरं देणार आहेत, पुढच्या बुधवारपासून. माझी बहीण म्हणते, तुला पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. बघा, पाण्यासाठीसुद्धा लोकांना हळहळावं लागतं."

ताईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि चष्मा नाकावरून घसरला. तो गेले दोन महिने घसरत होता. "डावी काडी सैल झालीय," बाई लगेच म्हणाली, आणि पर्समधून करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. "चष्म्याच्या दुकानात असते मी. पूर्वी पुढे काउंटरवर असायचे. गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून काडी नीट बसतेय का बघायचं, नाकावरची पकड बघायची. मग मालकांनी मागच्या खोलीत बसवलं, काचा पुसायला. चांगले आहेत ते, काढून नाही टाकलं." तिने स्क्रू आवळला, चष्मा उजेडात धरला, पुसला. मग तो ताईच्या डोळ्यांवर घालायला हात पुढे केला, आणि मध्येच थांबली. "हात लावू? चालेल?" असं कुणी कुणाला का विचारतं, ते ताईला चांगलं ठाऊक होतं. "लावा ना," ती म्हणाली. खरखरीत बोटं तिच्या कानामागून फिरली, काडी थोडी दाबली गेली. "आता नाही घसरायचा," बाई म्हणाली, आणि आपली वही देऊन, जिना उतरून निघून गेली. लिफ्टची वाट तिने पाहिली नाही.

तयारीच्या खोलीत येऊन ताईने टोपी घातली, मास्क लावला, दोन जोड हातमोजे चढवले, आणि टेबलाशी नुसती बसून राहिली. काडी कानामागे घट्ट बसली होती. दुखत नव्हती, पण आहे हे विसरूही देत नव्हती. समोर भिंतीत तिची खिडकी होती. वीतभर खोल, चौकोनी, आणि तिला दोन दारं, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. आतलं लागल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही, आणि एकदा लागलं की बाहेरून वस्तू उचलल्याशिवाय आतलं पुन्हा उघडत नाही. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून तशी सोय. ताईने आतून सिरिंज ठेवायची, दार लावायचं. मग बाहेर सिस्टरने आपलं दार उघडून ती न्यायची. बारा वर्षांत ताईने सिस्टरला जे पाहिलं ते बहुतेक त्या दोन काचांमधूनच. रोगी तर त्याच्याही पलीकडे. आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच होतं. पेशी बोलत नाहीत, कण्हत नाहीत. बाळंतपणानंतर एरवी टाकूनच दिली जाणारी नाळ आयांच्या संमतीने आणायची, तिच्यातून मूळपेशी, ज्यांना जग स्टेम सेल म्हणतं, त्या वेगळ्या करायच्या, गुलाबी द्रावणात अंगाच्या उबेला वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या. सुईच्या दिवशी सकाळी त्या वितळवायच्या, धुवायच्या, मोजायच्या आणि दोन तासांच्या आत रोग्यापर्यंत पोचवायच्या. शरीराने आपल्याच कातडीविरुद्ध जे रान उठवलेलं असतं, ते या पेशी शांत करतील अशी आशा होती. मोठे डॉक्टर आशा हा शब्द फार जपून वापरत. म्हणून तर ही चाचणी: चाळीस माणसं, विसांना पेशी, विसांना नुसतं द्रावण, आणि कुणाला काय मिळालं हे ना माणसाला ठाऊक, ना सिस्टरला, ना डॉक्टरांना. ठाऊक फक्त भरणाऱ्या हातांना, कारण पेशी घातल्या की द्रावण किंचित गढूळ दिसतं. त्यासाठीच बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक सिरिंजवर तपकिरी कागद गुंडाळायचा.

तीस नंबर म्हणजे धाकटा. त्याला चाचणीत तिनेच ओढलं होतं. तो कंटाळलेला होता. चाळीस वर्षांच्या आयुष्यातली अठ्ठावीस त्याने मलमं चोपडण्यात घालवली होती. फॉर्मवर एक प्रश्न होता, या कामात आपलं कुणी नातेवाईक आहे का. असेल तर घेत नाहीत. ताई म्हणाली, "नाहीवर खूण कर. माझं आडनाव वेगळं, कोण बघतंय?" धाकट्याने पेन हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "नाही?" "नाही." "बरं बुवा. आजपासून आपण परके," असं म्हणून त्याने खूण केली आणि आपल्याच विनोदावर हसला. त्या दिवशी तीही हसली होती. मग पहिला बुधवार आला. तीस आणि एकतीस दोघांचीही सुई त्याच सकाळी होती. कुणाच्या सुईत काय भरायचं ते सांगणारी बंद पाकिटं तिने फोडली. तीसच्या चिठ्ठीवर होतं, नुसतं द्रावण. एकतीसच्या चिठ्ठीवर, पेशी. नियम असा, की चिठ्ठी दोघींनी वाचायची, लेबल दोघींनी ताडून बघायचं, खाली दोघींनी सही करायची. पण शेजारच्या टेबलावरची जोडीदारीण लेकीला शाळेतून आणायला अकराला निघायची, आणि निघण्याआधीच कागदावर सही ठोकून जायची. पाच वर्षं असंच चाललेलं होतं. "तू केलंस म्हणजे झालंच," ती म्हणायची. त्या सकाळीही ती तसंच म्हणून गेली. टेबलावर दोन सिरिंजा होत्या, एक नितळ, एक किंचित धुरकट, आणि दोन लेबलं. बाहेर काचेपलीकडे सिस्टर घड्याळ बघत होती. ताईने लेबलं चिकटवली, तपकिरी कागद गुंडाळला, दार लावलं. हात अजिबात थरथरला नाही, याचंच नंतर तिला जास्त वाटलं. चार आठवड्यांनी दुसरी सुई, पुन्हा चार आठवड्यांनी तिसरी. एकदा हात चुकला असं म्हणता आलं असतं. तीनदा हात चुकत नाही.

धाकटा बारा वर्षांचा असताना हे सुरू झालं. आधी कोपरांवर, मग डोक्यात, मग पाठभर. आई सकाळी तो उठायच्या आत एक लहान ब्रश घेऊन त्याचा बिछाना झाडायची, म्हणजे उठल्यावर त्याला ते दिसू नये. पण ताईला दिसायचं. तिचा बिछाना शेजारी होता, आणि ती सतरा वर्षांची होती, आणि तिने एक दिवस आपली गादी ओढून दुसऱ्या खोलीत नेली. शाळेतली पोरं त्याला पापुद्र्या म्हणत. एकदा भांडणात तिच्याही तोंडून ते गेलं, आणि तो भांडण विसरून नुसता बघत राहिला. नातेवाईक येऊन सांगायचे, फार विचार करतो पोरगा, विचार सोड म्हणावं, सगळं मनाचं असतं. त्या वयात तो काय विचार करणार, गणिताच्या तासाचा? आणि मग तिचं लग्न. त्या दिवसांत त्याचं कपाळ आणि कान लालभडक झालेले होते. फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं, तेव्हा ती धाकट्याजवळ गेली आणि काकांचा कॅमेरा त्याच्या हातात देऊन म्हणाली, "तू आमचे काढ ना. तुला छान जमतं." त्याला तेव्हा काहीच जमत नव्हतं, त्याने आयुष्यात कॅमेरा धरलेला नव्हता. पण तो समोर जाऊन उभा राहिला. तिच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा सख्खा भाऊ नाही. नवऱ्याने वर्षभराने अल्बम चाळताना विचारलं होतं, "हा तुझा भाऊ कुठे होता गं?" तेव्हा ती भांडी लावायला उठून गेली. पुढे धाकट्याने फोटोचंच दुकान टाकलं, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढायला. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. ताई त्या दुकानावरून जाताना नेहमी पावलं उचलून चालायची.

आणि आता तो बरा झाला होता. दुसऱ्या सुईनंतर खाज गेली, तिसरीनंतर पापुद्रे झडले आणि खाली गुलाबी, कोवळी, कुणा दुसऱ्याचीच वाटावी अशी कातडी आली. त्याने अर्ध्या बाह्यांचे चार शर्ट एकदम घेतले आणि पोहायला नाव घातलं. तिला हे बघून आनंद झाला नसता तर ती माणूस नव्हे. झाला. रविवारी तो घरी आला की ती त्याच्या कोपरांकडे चोरून बघायची आणि तिला रडू यायचं, आणि त्या रडण्याला ती बेलाशक समाधान म्हणायची. एकतीस नंबर तेव्हा एक आकडा होता. कदाचित तिला पेशींनी गुण आलाच नसता, तो काही सगळ्यांना येत नाही. कदाचित तिचा आजार साधासाच असेल, दोन ठिपके. अशी समजूत ताईने स्वतःची घातली होती आणि ती बऱ्यापैकी बसलीही होती. गेल्या आठवड्यात कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांपुढे उघड झालं, हिशोब झाला, तेव्हा मोठे डॉक्टर चहाचा कप घेऊन खोलीच्या दाराशी आले. म्हणाले, "थोडक्यात हुकलं बघा. फरक दिसतोय, पण पुरेसा नाही. तीस नंबर रिकाम्या सुईने खडखडीत बरा झाला, आणि एकतीस नंबर भरल्या सुईने तसाच राहिला. या दोघांनी मिळून माझं नाक कापलं." जोडीदारीण हसली. ताईही हसली, मास्कच्या आत.

आज मात्र मास्कच्या आत हसणं नव्हतं. तिने कानामागची काडी चाचपली. उरलेल्या पेशी पुढच्या बुधवारी वितळायच्या होत्या, विसांच्या यादीतल्या माणसांसाठी. यादीत तीस नंबर होता. एकतीस नव्हता, आणि कधी येणारही नव्हता, कारण कागदांच्या लेखी त्या बाईचा वाटा तिला देऊन झाला होता. सुई तिच्या हातून गेली होतीच. आता तिची दुसरी वेळसुद्धा ताईनेच खाल्ली होती, आणि ती बाई मात्र आपल्याच अंगाला बोल लावत जिना उतरून गेली. ताईने हातमोजे काढले. "डोकं चढलंय, तासाभरात येते," असं जोडीदारणीला सांगून ती खाली उतरली, आणि आपण कुठे चाललोय हे कळायच्या आत धाकट्याच्या दुकानाच्या रस्त्याला लागली. दुपारचं ऊन होतं. दुकानांच्या काचांत तिला स्वतःचा चष्मा दिसत होता, अगदी सरळ, नाकावर नीट बसलेला.

धाकटा दुकानात एकटाच होता. तिला बघून त्याने पटकन शटर अर्धं ओढलं. "बरं झालं आलीस. हे वाच," म्हणत त्याने एक पत्र तिच्यापुढे धरलं. तिला ते वाचायची गरज नव्हती. "नुसतं पाणी होतं, ताई. तिन्ही वेळा पाणी. मी पाण्याने बरा झालो." तो हसत होता, पण त्या हसण्याला एक कड होती, जी तिने याआधी ऐकली नव्हती. "म्हणजे सगळे म्हणत होते ते खरंच होतं की. मनाचं होतं. अठ्ठावीस वर्षं मी आपणच ते अंगावर वागवलं. आईने बिछाने झाडले, बाबांनी डॉक्टर पालथे घातले, आणि रोग काय, तर माझं डोकं. एक सुई टोचली म्हटल्यावर गेला. आधी ठरवलं असतं तर आधी गेला असता." "असं नसतं ते," ताई म्हणाली. "नसतं कसं? कागदावर आहे. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, मला नको तुमच्या खऱ्या पेशी, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, असं देता येत नाही, यादी ठरलेली आहे." तो कॅमेऱ्याकडे वळला. "ते जाऊ दे. उभी राहा तिथे पडद्यापुढे. आपला दोघांचा एकही फोटो नाही, लक्षात आलंय तुझ्या? आज मी पण उभा राहणार. दहा सेकंदांचं लावतो." त्याने कळ दाबली, धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, आणि आपला उघडा, गुळगुळीत दंड तिच्या दंडाला टेकवला. तो दंड ऊबदार होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. तिला कळलं की आपण त्याला नुसतं औषध दिलं नाही; त्याच्याकडे उरलीसुरली एक गोष्ट होती, ती काढूनही घेतली. आपल्या दुखण्यात आपला काही गुन्हा नव्हता, एवढं एकच त्याच्यापाशी होतं. "तुला मिळालं ते पाणी नव्हतं," ती म्हणाली. "मी लेबलं बदलली." दिवा थांबला आणि फ्लॅश पडला.

त्याने तिला सगळं सांगू दिलं. एकदाही अडवलं नाही. ती पाकिटांचं बोलली, जोडीदारणीच्या सहीचं बोलली, आजच्या किल्लीचं आणि चष्म्याच्या काडीचं बोलली, आणि मग थांबता आलं नाही म्हणून लग्नाचंही बोलली. "तुला मी त्या दिवशी फोटोतून काढलं. ते मला कधी..." "कुठल्या फोटोतून?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो थोडा वेळ आठवत राहिला. "हां, काकांचा कॅमेरा," तो म्हणाला. "ताई, मला तो हातात मिळाला म्हणून आनंद झाला होता. काका कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी रात्रभर उशीखाली घेऊन झोपलो होतो. त्यावरच तर पोट भरतोय." त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "म्हणजे ते फेडायला तू हे केलंस? मी मागितलं होतं का तुझ्याकडे काही?" तो असं विचारत होता, की जणू त्याला खरोखर उत्तर हवं होतं. तो त्यातला डंख विसरला होता, की आत्ता तिच्यासाठी विसरल्यासारखं करत होता, हे तिला समजेना, आणि ते आता कधीच समजणार नव्हतं. नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर एक काळा कोट टांगलेला असे. ज्याच्याकडे कोट नाही त्याने तो घालायचा. धाकट्याने हात लांब करून तो कोट काढला, आपल्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर चढवला, आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत झाकले. मग एकेक करून बटणं लावली. दुकानात उकडत होतं.

"तिला सांगितलंस?" तो म्हणाला.

"नाही."

"मग इथे काय करतेयस?"

सकाळी ती वेळेआधी आली. जोडीदारीण यायची होती. खोलीतले दिवे लावून तिने कपाटातून तो फॉर्म काढला, जो बारा वर्षांत तिने फक्त इतरांकडून भरून घेतला होता: कामात झालेली चूक कळवण्याचा. तारीख लिहिली. तिन्ही बुधवारच्या तारखा लिहिल्या. झालेलं काय, या रकान्यात तिने सरळ लिहिलं, की तीस आणि एकतीस यांच्या सिरिंजांची लेबलं तिने स्वतः, समजून उमजून, तिन्ही वेळा अदलाबदल केली. एकतीस नंबरच्या बाईंना एकदाही पेशी मिळालेल्या नाहीत, त्यांना यादीत घ्यावं, आणि पुढच्या बुधवारच्या आत त्यांना कळवावं, कारण त्यांना वाटतंय की दोष त्यांच्या अंगात आहे. साक्षीदाराची सही आधीच होऊन जायची, ही पद्धत मोडायला हवी होती आणि ती तिनेही कधी मोडली नाही. हे वाक्य लिहिताना तिने जोडीदारणीच्या लेकीचा विचार केला, पेन उचललं, पुन्हा टेकवलं. मग खालचा एक रकाना राहिला. संबंधित रुग्णाशी आपलं नातं असल्यास लिहा. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. काल दुकानातून निघताना धाकट्याने तिला तो फोटो दाखवला नव्हता, आणि तिने मागितला नव्हता. तिने लिहिलं, सख्खा धाकटा भाऊ. अक्षर चांगलं आलं.

काचेपलीकडे सिस्टर टेबल आवरत होती. ताईने फॉर्मची घडी न घालता तो खिडकीत ठेवला, जिथे ती रोज सिरिंज ठेवायची तिथे, आणि आपल्या बाजूचं दार लावलं. खटकन आवाज झाला. आता ते इकडून उघडणार नव्हतं. सिस्टरने मान वर करून पाहिलं, आत आज काय ठेवलंय ते बघून जराशी थबकली, आणि ओलावलेले हात पुसत खिडकीकडे यायला लागली. ताईने चष्मा सारखा करायला हात उचलला. तो जागच्या जागी होता.